वाईट शेरा पुसून देण्याचा धंदा

पूर्वी लालबाग, परळ, गिरगाव या भागांत दुकानाची पत शेजारीपाजारी ठरवीत असत. मसाल्यात भेसळ आहे काय, शिंपी मापाला पक्का आहे काय, खानावळवाला शिळे तर वाढत नाही ना, याचा निकाल चाळीच्या नळावर एका सकाळी लागे. त्या निकालाविरुद्ध अपील एकच असे. माल सुधारायचा आणि गिऱ्हाईक परत येण्याची वाट पाहायची.

आज चाळीच्या जागी टॉवर आले आणि नळावरची चर्चा मोबाईलमध्ये गेली. दादर स्टेशनबाहेर उतरलेला परगावचा माणूस दुकानदाराला ओळखत नाही. तो मोबाईल उघडतो, दुकानाच्या नावापुढे किती तारे आहेत ते पाहतो आणि पाय वळवतो. यामुळे एक नवीनच धंदा उभा राहिला आहे. दुकानदाराला फोन येतो, "साहेब, तुमच्या दुकानावर चार वाईट रिव्ह्यू आहेत. आम्ही काढून देतो. एका रिव्ह्यूचे इतके पैसे. काम झाल्यावर द्या."

पैसे द्यावेत की देऊ नयेत, हा प्रश्न बाजारात आम्हाला वरचेवर ऐकू येतो. या व्यवहाराला जाहिरातीचा खर्च म्हणावे, लाच म्हणावे की खंडणी, हेही पुष्कळांना नीट कळत नाही. म्हणून या लेखात आम्ही हा विषय मुळापासून समजावून सांगण्याचा प्रयत्न करीत आहोत.

आधी हिशेब पाहू

भीती किती खरी आहे ते आकड्यांवरून कळते. समजा, लालबागमधील एका मसाल्याच्या दुकानावर ४० गिऱ्हाइकांनी शेरे दिले आहेत आणि त्यांची सरासरी साडेचार तारे आहे. म्हणजे एकूण १८० तारे झाले. आता एका आठवड्यात दहा जणांनी एकेक तारा दिला. एकूण तारे १९०, शेरे ५०, सरासरी ३.८. वर्षानुवर्षांची पत आठवड्यात साडेचारवरून चारच्या खाली आली.

ती पुन्हा साडेचारवर न्यायची तर पाच ताऱ्यांचे किती शेरे हवेत? उत्तर आहे ७०. निदान ४.२ पर्यंत पोहोचायचे म्हटले तरी २५ हवेत. समाधानी गिऱ्हाईक सहसा काही लिहीत नाही, रागावलेले मात्र दुकानाच्या पायरीवरूनच लिहिते. त्यामुळे ७० चांगले शेरे जमवायला लहान दुकानाला वर्षे लागतात. दुकानदार पैसे द्यायला का तयार होतो, ते या हिशेबात आहे. आणि हाच हिशेब फोन करणाऱ्यालाही ठाऊक असतो. एक तारा देणारे ते दहा जण खरोखर गिऱ्हाईक होते की त्याचीच माणसे होती, हा प्रश्न म्हणूनच पहिल्यांदा विचारला पाहिजे.

शेरा जातो तो चार वाटांनी

मोबाईलवरचा वाईट शेरा नाहीसा होण्याच्या वाटा चारच आहेत.

पहिली वाट अशी की लिहिणारा स्वतः तो काढतो किंवा बदलतो. दुकानदाराने चूक मान्य केली, माल बदलून दिला, गिऱ्हाइकाचे समाधान झाले आणि त्याने आपणहून शेरा बदलला, तर त्यात गैर काही नाही.

दुसरी वाट कंपनीच्या नियमांची. शेरा खोटा असेल, शिवीगाळीचा असेल, प्रतिस्पर्ध्याने टाकलेला असेल किंवा त्याचा दुकानाशी संबंधच नसेल, तर दुकानदाराला कंपनीकडे तक्रार करता येते. यासाठी एक पैसाही लागत नाही. मात्र "आम्हाला आवडला नाही" या कारणासाठी शेरा निघत नाही. तो खरा असेल तर राहतो.

तिसरी वाट कोर्टाची. तिच्याकडे आम्ही पुढे वळणार आहोत.

चौथी वाट पैशाची. तिचेही प्रकार आहेत. लिहिणाऱ्याला पैसे किंवा फुकट माल देऊन शेरा काढून घ्यायचा, हा एक. कंपनीच्या आतील नोकराला पैसे चारून शेरा पुसून घ्यायचा, हा दुसरा. आणि खोट्या तक्रारींचा भडिमार करून खरा शेराही उडवायचा, हा तिसरा. फोनवरचा दलाल "आमची आत ओळख आहे" असे म्हणतो, तेव्हा तो दुसऱ्या प्रकाराचे आश्वासन देत असतो. बहुतेक वेळा प्रत्यक्षात तो तिसरा प्रकारच करतो.

गुगलच्या नियमांत एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे, ती पुष्कळ दुकानदारांना माहीत नसते. सूट, फुकट माल किंवा अन्य आमिष दाखवून गिऱ्हाइकाला वाईट शेरा बदलायला किंवा काढायला सांगणे हे नियमबाह्य आहे. "शेरा काढा, पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट देतो" असा निरोप पाठवणारा दुकानदार स्वतःच नियम मोडीत असतो, आणि त्या निरोपाची छायाप्रत गिऱ्हाइकाजवळ राहते.

हैदराबाद ते सिएटल

आतल्या नोकराला लाच देऊन शेरे पुसण्याचा प्रकार केवळ ऐकीव नाही. त्यावर खटला चालला आहे आणि त्याचा एक धागा आपल्या देशात आहे.

अमेरिकेतील सिएटल शहरात सप्टेंबर २०२० मध्ये सहा जणांवर आरोपपत्र ठेवण्यात आल्याचे जाहीर झाले. आरोप असा की २०१७ पासून त्यांनी अॅमेझॉन कंपनीच्या किमान दहा नोकरांना व कंत्राटी कामगारांना मिळून एक लाख डॉलरहून अधिक लाच दिली. त्या वेळच्या दराने ही रक्कम सुमारे ७३ लाख रुपये होते. लाच घेणाऱ्यांपैकी काही जण कंपनीच्या हैदराबाद येथील कामाशी संबंधित होते.

पैशाच्या बदल्यात काय मिळे, ते पाहण्यासारखे आहे. विक्रेत्याच्या मालावरचे वाईट शेरे काढले जात. गिऱ्हाइकांच्या तक्रारींमुळे, काही वेळा सुरक्षिततेच्या कारणावरून, बंद केलेला माल पुन्हा विक्रीला येई. त्यात पोटात घेण्याची पूरके आणि घरगुती विजेची उपकरणेही होती. कंपनीची गुप्त माहिती बाहेर येई. आणि हीच टोळी पैसे देणाऱ्याच्या प्रतिस्पर्ध्याचे खाते बंद पाडी व त्याच्या मालावर वाईट शेऱ्यांचा मारा करी. सरकारी पक्षाच्या म्हणण्यानुसार या सर्व उद्योगातून संबंधितांना दहा कोटी डॉलरचा गैरफायदा मिळाला. त्यांपैकी एक जण पूर्वी हैदराबादला त्याच कंपनीत नोकरीस होता आणि पुढे अमेरिकेत सल्लागार बनला होता. त्याने गुन्हा कबूल केला व २०२२ मध्ये त्याला दहा महिन्यांची कैद झाली.

या खटल्यातून व्यापाऱ्याने दोन धडे घ्यावेत. पहिला हा की शेरा पुसणारा आणि शेरा टाकणारा हात एकच असतो. आज तुमच्याकडून पैसे घेऊन तुमचे डाग धुणारा उद्या शेजारच्याकडून पैसे घेऊन तुमच्यावर चिखल उडवतो. दुसरा धडा गिऱ्हाइकाच्या बाजूचा आहे. तक्रार पुसली म्हणून मालातला दोष जात नाही. ज्या उपकरणाबद्दल पहिल्या गिऱ्हाइकाने सावध केले, तेच उपकरण दुसऱ्याच्या घरी जाते. आपणही बाजारात विकणारे असतो त्याहून अधिक वेळा विकत घेणारे असतो, हे विसरून चालणार नाही.

छापखान्यातही हेच झाले होते

मोबाईलला दोष देण्याआधी आम्हा छापील कागदवाल्यांनी स्वतःकडेही पाहावे. पैसे घेऊन चांगले छापणे आणि वाईट न छापणे, हा रोग वर्तमानपत्रांना आधी लागला.

२००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत एकाच मजकुराच्या स्तुतीपर बातम्या वेगवेगळ्या मराठी दैनिकांत छापून आल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते प्रकरण उजेडात आणले. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावर अशी पाने भरभरून आली असताना त्यांच्या निवडणूक खर्चाच्या हिशेबात वर्तमानपत्रांतील जाहिरातींवर ५,३७९ रुपये दाखवलेले होते. चव्हाण यांनी पैसे दिल्याचा आरोप नाकारला. निवडणूक आयोगाचा त्यांच्याविरुद्धचा २०१४ चा आदेश त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला.

प्रेस कौन्सिलने या रोगाच्या तपासासाठी परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. २०१० मध्ये तिचा अहवाल तयार झाला. त्यात नावे होती. कौन्सिलने मात्र संक्षिप्त अहवालच प्रसिद्ध केला. पूर्ण अहवाल बाहेर यायला २०११ साल उजाडले, तेही माहिती अधिकाराखाली केंद्रीय माहिती आयोगाने आदेश दिल्यावर. बातम्या विकण्यावरचा अहवालच दाबला गेला, याहून बोलका पुरावा कोणता हवा?

व्यापाराशी संबंधित आणखी एक गोष्ट त्याच सुमारास पुढे आली. काही वृत्तपत्र कंपन्या जाहिरातींच्या बदल्यात इतर कंपन्यांचे शेअर घेत असत. सेबीने याबद्दल प्रेस कौन्सिलकडे चिंता व्यक्त केली, कारण ज्या कंपनीत आपला पैसा गुंतला आहे तिची वाईट बातमी कोण छापणार? जो न छापण्याची किंमत घेतो, त्याच्या छापण्याला किंमत राहत नाही. हा नियम वर्तमानपत्राला जितका लागू, तितकाच मोबाईलवरच्या ताऱ्यांनाही.

लाच, खंडणी आणि बदनामी

आता कायद्याकडे वळू. सामान्य बोलीत आपण सगळ्यालाच लाच म्हणतो. कायद्यात भेद आहेत.

१९८८ चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा सरकारी सेवकांपुरता आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो व त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नाइलाजाने पैसे द्यावे लागले आणि सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवले, तर मात्र देणाऱ्याला संरक्षण आहे. खाजगी कंपनीच्या नोकराला दिलेल्या पैशाला हा कायदा सहसा लागत नाही. परंतु म्हणून तो व्यवहार निर्धोक होतो असे नाही. फसवणूक, विश्वासघात, कट, संगणकातील नोंदींत अनधिकृत ढवळाढवळ अशी कलमे लागू शकतात. शिवाय या पैशाची पावती मिळत नाही, त्यामुळे वहीत तो कोणत्या खात्यावर टाकायचा, हा प्रश्न उरतोच.

"पैसे द्या, नाहीतर आणखी वाईट शेरे टाकू" असे कोणी म्हणाले, तर ती सरळ खंडणी होय. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. येथे दुकानदार गुन्हेगार नसून पीडित आहे, आणि त्याने घाबरण्याचे कारण नाही. "जेवण फुकट द्या, नाहीतर एक तारा देतो" म्हणणारे गिऱ्हाईकही याच वाटेवर असते.

बदनामीचा गुन्हा कलम ३५६ मध्ये येतो. पण सार्वजनिक हितासाठी सांगितलेली खरी गोष्ट बदनामी ठरत नाही, हे त्याच कलमाच्या पहिल्या अपवादात लिहिले आहे. "पुरी तेलकट होती" हे लिहिणाऱ्याला नोटिशीची भीती घालणे म्हणून शहाणपणाचे नाही. दिवाणी दावा करायचा असेल, तर मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाची मुदत आहे, हेही लक्षात ठेवावे.

शेऱ्यांच्या बाबतीत भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणले. विकत घेतलेले किंवा त्या कामासाठी नेमलेल्या माणसांकडून लिहून घेतलेले शेरे प्रसिद्ध करू नयेत, असे ते सांगते. ते आणले तेव्हा ऐच्छिक ठेवले होते. परंतु खोटे शेरे ही ग्राहकाची दिशाभूल आहे, या दृष्टीने २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा हाताशी आहेच. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून खोटे शेरे विकत घेणे आणि धमकी देऊन वाईट शेरे दाबणे, या दोहोंवर नियमाने बंदी आली आहे.

पालघर आणि मुंबई

मजकूर काढण्याचा प्रश्न आपल्याच भागात कसा उभा राहिला, तेही पाहू. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. दादरच्या शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले, मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुलीने त्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्यांना पसंती दिली. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. तिने मजकूर काढला, माफी मागितली. पुढे तो खटला मागे पडला. परंतु त्या घटनेनंतर श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले. त्याच निकालात असेही स्पष्ट झाले की संकेतस्थळाच्या कंपनीने केवळ कोणी तक्रार केली म्हणून मजकूर काढण्यास ती कायद्याने बांधील नाही. त्यासाठी न्यायालयाचा किंवा अधिकृत सरकारी आदेश हवा. फोनवरचा दलाल "कायद्याने काढून देतो" म्हणतो, तेव्हा त्याला हा आदेश कुठे आहे ते विचारावे.

दुसरे उदाहरण मुंबई उच्च न्यायालयातले. पॅराशूट खोबरेल तेल बनवणारी मॅरिको ही कंपनी म्हणजे मस्जिद बंदरच्या पेढीतून वाढलेला मुंबईचा उद्योग. एका यूट्यूबवाल्याने तेलाच्या दर्जावर टीका करणारा व्हिडिओ केला, तेव्हा कंपनी न्यायालयात गेली. जानेवारी २०२० मध्ये एका न्यायमूर्तींनी व्हिडिओ काढण्याचा अंतरिम आदेश दिला. सत्याची पुरेशी खातरजमा न करता विधाने केली, असे त्यांचे मत पडले. अपिलात काही बदल करून व्हिडिओ दाखवण्यास मुभा मिळाली. प्रत्येक वाक्य तपासून निर्णय होणे, ही उघड्या दरबारातील वाट होय. ती खर्चाची व सावकाश आहे, परंतु तिथे दोन्ही बाजू ऐकल्या जातात.

नुसत्या दडपणाने काय होते, ते २०२३ मध्ये दिसले. बोर्नव्हिटातील साखरेवर टीका करणारा एक व्हिडिओ कंपनीची नोटीस आल्यावर करणाऱ्याने काढून टाकला. परंतु काढल्याच्या बातमीनेच तो विषय देशभर झाला. बालहक्क आयोगाने कंपनीकडे विचारणा केली, आणि वर्ष संपण्याआधी त्या पदार्थातील साखर कमी झाल्याच्या बातम्या आल्या. एवढ्या मोठ्या कंपनीला जे दाबता आले नाही, ते गल्लीतल्या दुकानदाराला दाबता येईल काय?

दुकानदाराने काय करावे?

एक, वाईट शेरा दिसताच त्याचे छायाचित्र तारखेसह जपून ठेवावे.

दोन, त्या दिवसाची बिले पाहावीत. तसे गिऱ्हाईक खरेच आले होते काय, तो माल विकला होता काय, याचा शोध घ्यावा.

तीन, शेऱ्याखाली दुकानातर्फे दोन-तीन ओळींत सभ्य उत्तर लिहावे. चूक असेल तर मान्य करावी, नसेल तर वस्तुस्थिती सांगावी. पुढचे शंभर वाचक शेऱ्याबरोबर हे उत्तरही वाचतात. रागाने लिहिलेले उत्तर मूळ शेऱ्याहून अधिक नुकसान करते.

चार, शेरा खोटा असेल तर कंपनीकडे स्वतः तक्रार करावी. २०२१ च्या नियमांनुसार कंपन्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, २४ तासांत पोच द्यावी लागते व ठरलेल्या मुदतीत निर्णय करावा लागतो.

पाच, पैशाची मागणी आली तर देऊ नये. फोन नंबर, संदेश, पैसे मागवण्याचा यूपीआय पत्ता जपून ठेवावा आणि पोलीस ठाण्यात किंवा १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करावी. एकदा पैसे दिले की तुमचे नाव देणाऱ्यांच्या यादीत जाते, आणि पुढच्या महिन्यात नवे शेरे येतात.

सहा, समाधानी गिऱ्हाइकाला दोन ओळी लिहिण्याची विनंती करावी. विनंती करावी, मोबदला देऊ नये. रोज एकाने जरी लिहिले तरी आपल्या हिशेबातले २५ शेरे महिन्यात भरून येतात.

सातवी गोष्ट कठीण आहे. चार वेगवेगळ्या गिऱ्हाइकांनी एकच तक्रार लिहिली असेल, तर ती बहुधा खरी असते. दलालाला द्यायचे पैसे त्या दुरुस्तीत घालावेत. तेल बदलावे, माप तपासावे, नोकराला बोलण्याची रीत शिकवावी.

शेरा विकत घेऊन पुसणारा दुकानदार गिऱ्हाइकाला फसवतो, आणि त्याबरोबर आपल्याच दुकानातली बिघडलेली गोष्ट कळण्याचे एकमेव फुकट साधन गमावतो. नळावरच्या बाया पूर्वी जे तोंडावर सांगत, तेच आज मोबाईलवर लिहून येते. तेव्हा त्यांना कोणी पैसे देऊन गप्प केले नव्हते. दुकाने मात्र पुष्कळ सुधारली होती.